वेस्ट बेची गुरुवार संध्याकाळ: हॉटेलचा बार, इथला कायदा आणि आपली नवी मुलं

पलीकडचा_किनारा

मंडळी, हा विषय तीन आठवडे डोक्यात घेऊन फिरतोय. शेवटी आज लिहायला बसलो.

कतारमध्ये, दोह्यात मला नऊ वर्षं झाली. ऑफिस वेस्ट बेमध्ये. नवीन लोकांसाठी सांगतो, कॉर्निशच्या, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्याच्या, टोकाला काचेच्या टॉवरांचं जे जंगल फोटोंत दिसतं ना, तोच हा भाग. अरबीत याला दफना म्हणतात. आपल्या मराठीतला दफन शब्द त्याच मुळाचा, पुरणे, बुजवणे. समुद्र बुजवून काढलेली जमीन, आपल्या नरीमन पॉइंटसारखी. बँका, मंत्रालयं, तेल-गॅस कंपन्यांची ऑफिसं इथे आहेत, आणि त्यांच्या मधेमधे मोठी हॉटेलं. दारूचे बार याच हॉटेलांत. रस्त्यावर एकही नाही, पाटी नाही, जाहिरात नाही. गुरुवारी संध्याकाळी सहानंतर लिफ्टपाशी गर्दी दिसली की कळतं वर बार आहे. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे आपला शनिवार म्हणजे यांचा गुरुवार.

आमच्या टीममध्ये साताऱ्याकडचा एक मुलगा आलाय, सव्वीस वर्षांचा. येऊन तेव्हा तीन महिने झाले होते. त्या गुरुवारी कामाचा एक मोठा टप्पा संपला म्हणून आम्ही सात-आठ जण हॉटेलात बसलो. हॅपी अवर होता, चार पाइंट झाले त्याचे. मी साडेआठला निघालो, मुलांचा गृहपाठ होता. निघताना त्याला म्हटलं, टॅक्सीने जा. तो म्हणाला, हो दादा.

त्याने टॅक्सी केली नाही. हवा छान होती, नोव्हेंबर संपत आलेला. कॉर्निशवरून चालत घरी जाऊ म्हणाला. वाटेत मळमळलं, झाडाशेजारी उलटी झाली, मग बाकावर बसला आणि तिथेच झोप लागली. भांडण नाही, आरडाओरडा नाही, कुणाची छेड नाही. गस्तीची गाडी आली, उठवलं, वास आला, गाडीत घातलं.

इथल्या दंडसंहितेत, २००४ च्या कायदा क्रमांक ११ मध्ये, कलम २७० आहे. सार्वजनिक ठिकाणी पिणं किंवा नशेत सापडणं याला ६ महिन्यांपर्यंत कैद, ३,००० रियालपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हॉटेलात त्याला चार पाइंट देताना सगळं कायदेशीर होतं. तेच पोटात घेऊन तो फुटपाथवर आला तेव्हा गुन्हा झाला. मधे फक्त हॉटेलचं फिरतं दार.

मला रात्री दीडला फोन आला. पुढे शुक्रवार, मग शनिवार. दोन दिवस सगळं बंद, म्हणून तो तीन रात्री आत. मी ठाण्याबाहेर गाडी लावून त्याची कागदपत्रं मांडीवर घेऊन बसलो होतो. शुक्रवारी सकाळी त्याच्या आईचा फोन मला आला, अडीअडचणीला म्हणून त्याने घरी माझा नंबर दिलेला. "त्याचा फोन लागत नाही हो, बरा आहे ना?" मी म्हटलं, साइटवर आहे काकू, तिथे रेंज नाही. असं खोटं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

रविवारी सुटला. दंडावर भागलं, नोकरी राहिली. बाहेर आला तेव्हा बुटांना लेस नव्हत्या, काढून घेतलेल्या. पाय घासत माझ्या गाडीपर्यंत आला आणि पहिलं वाक्य बोलला, "आईला कळलं का?"

हा धागा त्याच्या परवानगीने लिहितोय. मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत. पहिली, इथे दारू बंद नाही, ती उंबरठ्याच्या आत आहे, आणि आपल्या मुलांना हा उंबरठा कुणी नीट दाखवत नाही. दुसरी, गुरुवारची संध्याकाळ मोकळी पडली की "बसायचं का?" याशिवाय दुसरं काही सुचत नाही, याला आपण जुने लोकही जबाबदार आहोत. तुमचे अनुभव लिहा.

---

सायली_प

वाचून पोटात कालवलं. त्याच्या आईचा फोन तर डोळ्यासमोर आला. तो ठीक आहे ना आता?

---

नवा_पक्षी

मी जानेवारीत दोह्याला येतोय, पहिल्यांदाच देशाबाहेर. एक विचारायचं आहे. बारमध्ये न जाता घरी आणून प्यायली तर? विमानतळावरून ड्युटी फ्रीची एक बाटली आणावी असं मित्र सांगतात.

---

पलीकडचा_किनारा

@नवा_पक्षी, ड्युटी फ्रीची बाटली अजिबात आणू नका. कतारमध्ये दारू घेऊन यायला बंदी आहे. उतरल्यावर बॅगा स्कॅन होतात, बाटली तिथेच जाते.

घरी प्यायची तर एकच मार्ग, क्यूडीसी म्हणजे कतार डिस्ट्रिब्युशन कंपनी. कतार एअरवेजच्या मालकीचं दुकान. परवाना लागतो, वय २१ पूर्ण लागतं, मुस्लिमेतर रहिवाशांनाच मिळतो. कंपनीचं पत्र लागतं आणि महिन्याचा कोटा पगाराशी बांधलेला असतो. म्हणजे तुम्ही पिता हे एचआरला कळणार, हे धरूनच अर्ज करा. घेतलेला माल सरळ घरी न्यायचा, पावती जवळ ठेवायची, कुणाला द्यायचा नाही, विकायचा तर नाहीच.

आपल्याकडच्या परमिट रूमची आठवण येते मला. मुंबईत १९४९ च्या दारूबंदी कायद्याने प्यायला परवाना लागतो, तो कायदा आजही आहे, एक दिवसाचा पाच रुपयांचा परवानाही आहे. पण आपल्यापैकी किती जणांनी तो कधी हातात धरलाय? कायदा भिंतीवर, पेला टेबलावर, अशी सवय घेऊन आपण इकडे येतो. इथे भिंतीवरचा कायदा खरा असतो. मुलं तिथेच फसतात.

---

टोपीवाला

किंमतही सांगा त्याला. १ जानेवारी २०१९ पासून दारूवर १०० टक्के कर आहे. एका रात्रीत दुकानातले भाव दुप्पट झाले. आदल्या दिवशी क्यूडीसीबाहेर गाड्यांची रांग लागलेली, मीही होतो त्यात. बियरच्या २४ बाटल्यांचा खोका ३८४ रियालला गेला. हॉटेलात तर एक पाइंट ४५ ते ६० रियाल धरून चला, हॅपी अवरला जरा कमी. म्हणजे एका पाइंटला हजार रुपयांच्या वर. चार पाइंट आणि वर चकणा म्हटला की गावाकडच्या घराच्या हप्त्याला हात लागतो.

---

कुडाळकर

मी काउंटरच्या पलीकडून लिहितो. अकरा वर्षं बारमध्ये आहे, त्यातली सात वेस्ट बेमध्ये. हॉटेलचं नाव लिहीत नाही.

आमच्या दारावर आधी ओळखपत्र स्कॅन होतं. इथला रहिवासी असेल तर त्याचं क्यूआयडी कार्ड, पाहुणा असेल तर पासपोर्ट. थोब, म्हणजे इथला पारंपरिक लांब झगा, घातलेल्या माणसाला आत सोडत नाहीत, तो पाणी प्यायला आला तरी नाही. पहिल्या वर्षी मला हे विचित्र वाटायचं, आता कळतं. त्या कपड्याचा मान त्यांना बारच्या उजेडात नको आहे.

आत आल्यावर माझं काम सुरू. पेग तीस मिलिलिटरचा, मापाने. आपल्या गावात हात सैल सोडतात तसं इथे चालत नाही, रोज रात्री बाटल्यांचा हिशेब लागतो. पण मापापेक्षा माझं लक्ष गिऱ्हाइकाच्या हाताकडे असतं. पेला ठेवताना तो टेबलाच्या कडेकडे सरकायला लागला की मी पाण्याचा जग नेऊन ठेवतो. पुढची ऑर्डर आली की "साहेब, किचन बंद होतंय, काही खाऊन घ्या" म्हणतो. नाही म्हणायचा हाच मार्ग. आपला माणूस असेल तर मराठीत म्हणतो, "भाऊ, टॅक्सी सांगू का?" नव्वद टक्के ऐकतात. मराठी ऐकली की माणूस एकदम सरळ बसतो, हे मी कितीदा बघितलंय.

टॅक्सी हॉटेलच्या पोर्चमधूनच घ्या. बाहेर रस्त्यावर जाऊन हात दाखवू नका. मित्राला "तू खाली ये, मी रस्त्यावर येतो" म्हणू नका. पोर्चपर्यंत तुम्ही आमचे पाहुणे असता. त्या पोराच्या वेळी मी ड्युटीवर असतो तर त्याला गाडीत बसवूनच दार लावलं असतं, असं सारखं वाटतंय.

अजून एक. रमजानमध्ये महिनाभर आमचा बार बंद असतो. क्यूडीसीही बंद. आमच्यातले काही बँक्वेटला जातात, काही रजेवर घरी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४, २०२५ आणि २०२६ या तिन्ही वर्षी तो शिमग्यात आला, त्यामुळे तीन वर्षं लागोपाठ मला पालखी नाचवायला मिळाली. आधीची आठ वर्षं एकदाही नाही. आई म्हणते देवाने केलं.

---

सायली_प

@कुडाळकर, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. गावच्या पालखीला आमचाही नमस्कार सांगा.

बाईच्या बाजूने लिहिते. मी ऑडिटमध्ये आहे, पुण्याची, इथे सहा वर्षं. क्लायंटबरोबर जेवण बहुतेक वेळा याच हॉटेलांत. मला भीती कधी वाटली नाही. लॉबीतले लोक नीट वागतात, रात्री अकराला एकटी टॅक्सीत बसले तरी कुणी बघत राहत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत इतकं मी बघते, लॉबीत कुटुंबं बसलेली असतात म्हणून.

त्रास झाला तो आपल्याच लोकांचा. एका जेवणात आमच्याच कंपनीचे एक वरिष्ठ, तेही महाराष्ट्रातले, तीनदा म्हणाले, "एक वाइन घे गं, क्लायंटला बरं वाटतं." क्लायंट लेबनीज होता. त्याने माझ्यासाठी लिंबू-पुदिन्याचा मोठा पेला मागवला, स्वतःही तोच घेतला, आणि तासभर फक्त कामाचं बोलला. इथे कुणी पीत नसेल तर त्याला कारण विचारत नाहीत. अर्ध्या टेबलाचं कारण धर्मच असतं, त्यामुळे प्रश्न उठतच नाही. नव्या मुलांना हे कुणी सांगत नाही. त्यांना वाटतं न प्यायलं तर आपण गावंढळ ठरू. उलट न पिणाऱ्याला सगळ्यात सोपं जाईल असं ऑफिसचं शहर दुसरं नसेल.

---

स्पष्टच_बोलतो

माझं मत पटणार नाही कदाचित. ज्यांच्या देशात त्यांना दारू हराम, तिथे जाऊन ती प्यायचीच कशाला? पगार त्यांचा घ्यायचा आणि रीत मोडायची, हे मला पटत नाही. वर्ध्यात, गडचिरोलीत दारूबंदी आहे. तिथे जाऊन कुणी प्यायला बसला तर आपण त्याला नावं ठेवतोच ना? गडचिरोलीत त्या बंदीसाठी बायकांनी किती वर्षं लढा दिला ते मी जवळून पाहिलंय.

---

पलीकडचा_किनारा

@स्पष्टच_बोलतो, तुमचं म्हणणं मी मनापासून घेतो. फरक इतकाच की इथे सरकारनेच हॉटेलांना परवाने दिलेत, म्हणजे आत बसणारा रीत मोडत नाही. पण रीत ओळखून बसला पाहिजे, एवढं तुमच्याशी शंभर टक्के जुळतं.

ही रेषाही कायम एका जागी नसते. इथल्याच पर्ल बेटावरच्या रेस्टॉरंटांत डिसेंबर २०११ मध्ये दारू अचानक बंद झाली. २०२२ च्या विश्वचषकात स्टेडियमबाहेर बियर मिळणार असं ठरलेलं, तंबू उभे राहिले होते, आणि सामने सुरू व्हायला दोन दिवस असताना, १८ नोव्हेंबरला, ते रद्द झालं. फॅन फेस्टिवलमध्ये मात्र अर्धा लिटर ५० रियालला मिळत होती. म्हणून आमच्या मुलांना मी सांगतो, मागच्या वर्षी काय चाललं हे सांगू नका, आज काय चालतं ते विचारून घ्या.

---

खाडीपार

कुवेतमधून लिहितोय. तुमच्याकडे उंबरठा तरी आहे. इथे साठच्या दशकापासून पूर्ण बंदी, हॉटेलात नाही, दुकानात नाही, कुठेच नाही. म्हणून पिणारे चोरून बनवलेली पितात.

ऑगस्ट २०२५ मध्ये इथे विषारी दारूने २३ माणसं गेली, दीडशेच्या वर रुग्णालयात होती. बहुतेक आशियाई कामगार, त्यात आपलेही. काहींचे डोळे गेले. आमच्या कॅम्पशेजारच्या खोलीतला एकजण त्यातून वाचला, पण त्याला आता फक्त उजेड आणि सावली कळते. तो गवंडी होता. ओळंबा लावणाऱ्या माणसाचे डोळे जाणं म्हणजे काय, ते तुम्ही समजून घ्या.

हे कसं होतं ते सगळ्यांना माहीत असावं म्हणून लिहितो. अशा दारूत मिथेनॉल असतं. चव-वास जवळपास तसाच. यकृतात त्याचं फॉर्मिक आम्ल बनतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाव घालतं. लगेच काही कळत नाही, बारा तास, कधी चोवीस तासही माणूस नुसता जड डोक्याने फिरतो. मग पोटात दुखतं, धाप लागते, समोर धुकं किंवा बर्फ पडल्यासारखं पांढरं दिसतं. त्या क्षणी रुग्णालय गाठलं तर उतारा आहे, डायलिसिस आहे. पण पकडले जाऊ या भीतीने माणसं झोपून राहतात. तीच भीती मारते. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली, तेव्हाही हेच विष होतं.

कुणाला असं झालं तर कायद्याचा विचार नंतर करा, आधी रुग्णवाहिका बोलवा. हात जोडून सांगतो.

---

कुडाळकर

@खाडीपार, नमस्कार. सुन्न झालो.

दोह्यातही इंडस्ट्रियल एरियाच्या कॅम्पात राहणाऱ्या माणसाला वेस्ट बेचा बार आणि क्यूडीसी दोन्ही परवडत नाहीत. त्यातला कुणी दारावर आला तर कपडे बघून विचारपूस जास्त होते, हेही मी बघितलंय. माझ्या मनाला ते लागतं. पाच रुपयांच्या परवान्यावर आपण हसू, पण तो पाच रुपयांचा आहे म्हणून कुणालाही मिळतो तरी.

---

शारजाकर

छोटी भर घालतो. यूएईत दर अमिरातीचं वेगळं. शारजात १९८५ पासून हॉटेलातही दारू नाही. आम्ही राहतो शारजात, कामाला दुबईत. दुबईने जानेवारी २०२३ मध्ये दारूवरचा ३० टक्के कर थांबवला, वैयक्तिक परवाना फुकट केला, मग २०२५ च्या जानेवारीपासून कर परत लावला. पण दुबईत पिऊन रात्री शारजाला परतायचं म्हणजे सीमा ओलांडताना नियमच बदलतो. गाडी चालवायचा तर प्रश्नच नाही, एका घोटालाही माफी नाही. आमचा चार जणांचा गट आहे, पाळीपाळीने एकजण अजिबात घेत नाही. आता तर गाडी सोडून टॅक्सीच करतो.

---

जुना_मुक्काम

वय झालंय, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी १९८३ ला दोह्यात आलो, फोरमन म्हणून. तुम्ही ज्याला वेस्ट बे म्हणता तिथे तेव्हा एकच इमारत होती, शेरेटन, पिरॅमिडसारखी. आदल्याच वर्षी उघडलेली. मागे-पुढे भराव, धूळ आणि समुद्र. रात्री तिचे दिवे पाण्यात दिसायचे, आम्ही कॉर्निशच्या अलीकडच्या टोकाला बसून बघायचो. आत जायचा विचारही शिवला नाही.

एका खोलीत आम्ही आठ जण होतो. आठवड्याची सुट्टी एकच, शुक्रवार. आदल्या संध्याकाळी टेपरेकॉर्डर मधे ठेवायचा आणि घरी पाठवायची कॅसेट भरायची. पत्राऐवजी बोलून. एकाची पाळी असली की बाकीचे बाहेर पायरीवर बसायचे, कारण बायकोशी बोलताना माणूस रडतो. एकाने एकदा पूर्ण साठ मिनिटांची बाजू नुसती मुलाला गोष्ट सांगण्यात भरली, सशाची. त्याचा मुलगा आज नाशकात डॉक्टर आहे, ती कॅसेट त्याच्याकडे अजून आहे.

आमच्यातही पिणारे होते, खोटं कशाला सांगू. चोरून मिळायची. पण ज्या खोलीत कॅसेट भरली जायची, तिथे संध्याकाळ जायची कशी हा प्रश्न नव्हता. आता व्हिडिओ कॉल दोन मिनिटांत होतो. "जेवलास का, हो जेवलो," संपलं. पुढचे चार तास पोराने करायचं काय?

पलीकडचा_किनारा, त्या पोराला माझा आशीर्वाद सांगा. एक रात्र बाकावर झोपला म्हणून कुणी वाया जात नाही.

---

नवा_पक्षी

काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने मला फक्त इतकंच विचारलं, "तिथे तुझ्या खोलीत किती जण असणार?" मी एकटाच असणार आहे.

---

पलीकडचा_किनारा

@नवा_पक्षी, एकटे नसाल. खाजगी निरोपातून तुमची तारीख कळवा, विमानतळावर मी येतो.

@जुना_मुक्काम, काका, तुमचं पोराला वाचायला दिलं. ऑफिसातच वाचलं त्याने, मग बराच वेळ खिडकीतून खाली बघत होता. आमच्या खिडकीतून ती शेरेटन दिसते. आता तिच्या चारी बाजूंनी इतके टॉवर आहेत की ती खेळण्यासारखी वाटते.

धाग्यावरचं सगळं वाचून आम्ही दोघांनी एक ठरवलंय. दर गुरुवारी रात्री आठला शेरेटनसमोरच्या बागेत जमायचं, मेट्रोच्या डीईसीसी स्टेशनाच्या बाजूने. तिथून कॉर्निशवर चालायचं. कॉर्निश सात किलोमीटर आहे, जमेल तितकं. ज्यांना नंतर हॉटेलात बसायचंय त्यांनी खुशाल बसावं, पण परत जाताना कोण कुणाला पोर्चमधून टॅक्सीत घालणार ते आधी ठरवून. बायका-मुलांसह या. पहिल्या गुरुवारी तो स्वतः भडंग करून आणणार आहे, घरून मसाला मागवलाय.

---

सायली_प

मी आणि नवरा नक्की. थर्मासमध्ये करक चहा आणते, दहा जणांपुरता.

---

कुडाळकर

गुरुवारी माझी ड्युटी असते, सुटायला दीड वाजतो. पण बाराव्या मजल्याच्या काचेतून ती बाग दिसते. आठला खाली बघेन.